शिकारीची हातगाडी: आधी वाट चाला, मग गाडी घ्या

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणाच्या आधीच्या शनिवारी उघडतो. सप्टेंबर लागला की ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. रायफल कोणती घ्यावी, कपडे किती थरांचे लागतात, झाडावरच्या मचाणावर चढायची भीती वाटते का. पडलेलं हरीण रानातून कारपर्यंत आणायचं कसं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पहिल्या वर्षी मीही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी दुपारी पावणेचारला माझं हरीण पडलं. नोव्हेंबरच्या शेवटी इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. कार सव्वा किलोमीटरवर, मध्ये एक खोल घळ. नवरा आणि मी, दोघांत एक दोरी. शिंगांना दोरी बांधून आम्ही वीस पावलं ओढायचो, थांबायचो, पुन्हा वीस पावलं. कारपाशी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. हरणाच्या एका कुशीचे केस घासून कातडी उघडी पडली होती, मांडीच्या आत माती आणि पालापाचोळा गेला होता, आणि ती अख्खी मांडी आम्हाला टाकून द्यावी लागली. घळीच्या चढावर नवऱ्याच्या छातीत कळ आली. ती स्नायूची निघाली, पण हे कळेपर्यंतची रात्र आम्ही इस्पितळात काढली.

आपल्या भारतीय लोकांत हृदयविकार लवकर आणि जास्त प्रमाणात दिसतो, हे इथले डॉक्टर सतत सांगतात. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस थंडीत, जाड कपड्यांत, अंधारात, उत्साहाच्या भरात साठ किलोचं ओझं ओढायला लागतो तेव्हा छाती कशी धडधडते ते मी पाहिलंय. दुसरीकडे, आपण एक जीव घेतलेला असतो. त्याचं मांस मातीत लोळवून वाया घालवणं मला तरी पटत नाही. गेम कार्ट म्हणजे शिकारीची हातगाडी ही माझ्या लेखी म्हणूनच रायफलीइतकी गरजेची वस्तू आहे. फक्त ती दुकानातल्या पाटीवरचा आकडा बघून घ्यायची नसते. वाट बघून घ्यायची असते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं थोडं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मी लिहिते आहे ते अमेरिकेतल्या, परवाना काढून, हंगामात, ठरवून दिलेल्या संख्येत होणाऱ्या शिकारीबद्दल. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये परवान्याआधी शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच त्यात आलो. आणि एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर लक्षात ठेवा, ग्रीन कार्ड नसलेल्या व्हिसाधारकांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. या बाबतीत मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

पायरी १: रिकाम्या हाताने वाट चाला

ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी, मचाणाच्या जागेपासून कार लावायच्या जागेपर्यंत चालत या. परतीचीच वाट चाला, कारण ओझं त्या दिशेने येणार आहे. सोबत मोजपट्टी घ्या आणि वाटेतल्या सगळ्यात वाईट तीन जागा वहीत टिपा. गाडी अडणार ती त्या तीन जागांवरच. बाकीची वाट कितीही सरळ असली तरी उपयोग नाही.

पाहायचं काय? सगळ्यात अरुंद जागा किती रुंद आहे ते. बहुतेक दोनचाकी गाड्या बाहेरून बाहेर ६० ते ७५ सेंटीमीटर रुंद असतात. दोन ओकच्या मधून ७० सेंटीमीटरची गाडी जाईल का, हे घरी बसून सांगता येत नाही. आडवे पडलेले ओंडके किती जाड आहेत ते. चढ कुठे आहे आणि तो चढून यायचा आहे की उतरून. ओल कुठे आहे. काटे कुठले आहेत. आम्ही शिकार करतो तो राज्याच्या नैर्ऋत्येचा भाग, ड्रिफ्टलेस म्हणतात त्याला, कारण हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा मुलूख रगडून सपाट केला नाही. सगळ्या टेकड्या आणि घळी. जुन्या कुरणांच्या कडेला रानटी गुलाबाची काटेरी जाळी माजलेली असते आणि तिचे काटे सायकलच्या टायरमध्ये सहज घुसतात. उत्तरेकडे गेलात तर टेकड्या कमी, पाणथळ जास्त. मक्याच्या शेताच्या कडेला बसणार असाल तर कापणीनंतरचे कडक खुंट. या तीन ठिकाणांना तीन वेगळ्या गाड्या लागतात.

पायरी २: तिथे चाक चालतं का, ते विचारा

हे खूप जणांना माहीत नसतं. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या रानांत मोटार तर नाहीच, पण कुठलंही यांत्रिक वाहतुकीचं साधन नेता येत नाही. वनखात्याच्या नियमांत त्याची व्याख्या दिली आहे आणि तिच्यात सायकल, ढकलगाडी यांच्याबरोबर शिकार वाहून नेण्याच्या गाडीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे त्याच व्याख्येत बर्फावरची घसरगाडी चालते, कारण तिला फिरणारे भाग नसतात. विस्कॉन्सिनमध्ये शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वनात रेनबो लेक, पॉर्क्युपाइन लेक, हेडवॉटर्स, ब्लॅकजॅक स्प्रिंग्ज आणि व्हिस्कर लेक ही अशी राखीव राने आहेत. त्याच वनाच्या बाकीच्या भागात हातगाडीला हरकत नाही. नकाशावर वाइल्डरनेसची हद्द बघून घ्या. इतर राखीव जमिनींचे नियम जागोजागी बदलतात, तेव्हा तिथल्या कार्यालयात एक फोन करावा.

पायरी ३: ओझं किती, ते खरं धरा

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं पोट रानातच साफ केलं, म्हणजे आतडी आणि आतले अवयव काढले, की जिवंत वजनाच्या पाऊण हिश्शाहून थोडं जास्त वजन उरतं. ८० किलोच्या नराचे उरले साधारण ६२ ते ६४ किलो. मादी बरीच हलकी, थोराड नर याहून जड. गाडीचं स्वतःचं वजन १२ ते २० किलो. शिवाय रायफल, पाठपिशवी, मचाणाचा आसनपट्टा हे सगळं शेवटी गाडीवरच येतं. म्हणजे ८० ते १०० किलो धरून चला.

गाड्यांवर ३००, ५०० पौंड क्षमता लिहिलेली असते. तो आकडा सपाट फरशीवर उभ्या गाडीचा समजा. ओंडक्यावरून गाडी धप्पकन उतरते तेव्हा आसावर आणि आऱ्यांवर येणारा धक्का स्थिर वजनाच्या कितीतरी पट असतो. मी लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच खरी मानते. ५०० पौंडांची गाडी माझ्या हिशेबात २५० पौंडांची, म्हणजे सुमारे ११० किलोंची. आपल्या कामाला ती पुरते.

एल्क, म्हणजे याहून कितीतरी मोठं हरीण, मारायला पश्चिमेकडे जाणार असाल तर हा सगळा हिशेब मोडतो. तो अख्खा प्राणी हातगाडीवर येतच नाही. जागेवर चार तुकडे करून खेपा कराव्या लागतात आणि त्या डोंगरांत बहुतेक वेळा पाठीवरच.

पायरी ४: चाकं. इथे वेळ घाला

आमच्या घरी इंदापूरला बैलगाडी होती. अण्णा नवीन गाडी बघायला जायचे तेव्हा सगळ्यात आधी चाकाशी उकिडवे बसायचे. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, हाताने चाचपायचे, आरे एकेक करून वाजवून बघायचे, मग उभे राहून बाकीची गाडी. इथल्या दुकानातही मी तेच करते.

आधी चाकाचा व्यास. गाडी १६ इंचांपासून २६ इंचांपर्यंतच्या चाकांवर मिळते. सपाट वाटेवर हा फरक जाणवतही नाही, ओंडका आला की जाणवतो. हिशेब सोपा आहे. १० सेंटीमीटर उंचीचा ओंडका आडवा आहे आणि तुम्ही गाडी सरळ समोर ओढून त्यावर चढवता आहात. २६ इंची चाकाला त्यासाठी साधारण चाकावरच्या वजनाइतकाच जोर लागतो. १६ इंची चाकाला पावणेदोन पटीच्या जवळपास. म्हणजे ८० किलोची गाडी १६ इंची चाकांवर असेल तर एकट्या माणसाने सरळ ओढून ती चढणं शक्यच नाही. मोठ्या चाकाला हाच ओंडका लहान वाटतो. रानात ओंडके असतील तर २० इंचांच्या खाली जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान चाकाची गाडी घडी करून डिकीत बसते म्हणून लोक घेतात आणि तिसऱ्या ओंडक्यापाशी रडकुंडीला येतात.

मग चाकं किती. दोनचाकी गाडी उभी राहते, ओझं तोलते आणि नवख्या माणसाला सोपी जाते. एकचाकी गाडी पायवाटेएवढ्या जागेतून जाते, पण ती पडू न देणं हेच एक काम होऊन बसतं आणि मागे-पुढे दोन माणसं असली तरच ती खऱ्या अर्थाने चालते. डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेवर एकचाकी सरस, कारण दोनचाकी गाडी तिथे खालच्या बाजूला कलंडते. तुमच्या वहीतल्या तीन वाईट जागांत अरुंद फट आणि आडवा उतार असे दोन्ही असतील, आणि जोडीदार पक्का असेल, तरच एकचाकीचा विचार करा.

टायर हवेचा की भरीव? हवेचा टायर दगडगोट्यांवर मऊ चालतो, भरीव टायर पंक्चर होत नाही. मी हवेच्या टायरवरून भरीव फोमच्या टायरवर आले ते काट्यांमुळे. पंक्चर झालेल्या चाकावर लादलेली गाडी ओढणं हे दोरीने ओढण्याहून वाईट. हवेचेच टायर घ्यायचे असतील तर ट्यूबमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारा द्रव आधीच भरून घ्या आणि छोटा पंप सोबत ठेवा. थंडीची गोष्टही ध्यानात घ्या. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३० पीएसआय भरलेला टायर उणे १० अंशांच्या रानात पंचविशीवर येतो. हवा त्या सकाळी बाहेर उभं राहून तपासावी. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याच्या वर मात्र कधी जाऊ नये.

आता आरे. सायकलचं चाक उभं वजन छान पेलतं, पण बाजूने जोर आला की वाकतं. आडव्या उतारावर गाडी एका अंगाला झुकते तेव्हा खालच्या चाकावर नेमका असा जोर येतो. म्हणून बारीक आऱ्यांचं सायकलछाप चाक असलेली गाडी टेकड्यांत नको. जाड आऱ्यांचं, रुंद तुंब्याचं चाक बघा. चाक दोन हातांनी वर-खाली धरून हलवा. तुंबा आसावर खडखडत असेल तर ती गाडी तिथेच ठेवा. चाकं आसावर पिनेने अडकवलेली असतात, आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला 'कुणी' नावाची खीळ असते तशी. ती पिन हातमोजे घालून काढता-घालता आली पाहिजे, आणि तशा दोन जादा पिना खिशात असल्याच पाहिजेत.

पायरी ५: सांगाडा आणि दांडा

अल्युमिनियमसाठी जास्त पैसे मोजावेत का? लादल्यावर चार-पाच किलोंचा फरक फारसा कळत नाही. १५ अंशांच्या चढावर ८० किलोची गाडी तुम्हाला वीस किलोंहून थोड्या जास्त जोराने मागे खेचते. गाडी पाच किलोंनी हलकी असेल तर त्यातले सव्वा किलो कमी होतात, इतकंच. पण रिकामी गाडी पाठीला लावून पहाटे रानात न्यायची असेल तर ते पाच किलो जाणवतात. मी गाडी कारपाशीच ठेवते आणि हरीण पडल्यावर आणायला जाते, म्हणून माझी लोखंडीच आहे. गाडी रानात नेऊन लपवून ठेवणार असाल तर खडखडणारे सांधे कापडाने गुंडाळा. पहाटेच्या शांततेत लोखंडाचा एक खणखणाट दूरवर जातो.

साठा, म्हणजे हरीण ठेवायची जागा, किमान सव्वा मीटर लांब हवी. पाय दुमडून बांधता येतात, पण धड लोंबकळून चाकाला घासलं की ते चाकाला ब्रेक लागल्यासारखंच. दोन्ही बाजूंना चाकांच्या वरपर्यंत कठडा हवा. घडीचे सांधे एक एक करून उघडा-मिटवा. बोट चिमटेल अशी जागा असेल तर थंडीत सुन्न झालेलं बोट तिथेच जाणार.

दांड्याची उंची हा मुद्दा बायकांसाठी फार महत्त्वाचा. बहुतेक गाड्या सहा फुटी पुरुषाच्या हिशेबाने केलेल्या दिसतात. मी पाच फूट दोन इंच. दांडा धरून उभी राहिले की तो खाली येतो, साठा पुढे माझ्याकडे झुकतो आणि ओझं पुढे घसरतं. दांडा कमी-जास्त करता येणारी गाडी घ्या, नाहीतर दांड्याला कमरपट्टा जोडा. कमरपट्ट्याने हात मोकळे राहतात आणि जोर पायांतून लागतो. पण उतारावर तो ताबडतोब सुटला पाहिजे, पक्की गाठ नको.

पायरी ६: मिठाच्या पोत्यांनी परीक्षा घ्या

गाडी विकत आणली की खोका फेकू नका, पावती जपा. पाण्याच्या सॉफ्टनरसाठी घरी मिठाची ४० पौंडांची पोती आणतोच आपण. चार पोती म्हणजे सुमारे ७२ किलो. ती गाडीवर बांधा आणि अंगणात, फुटपाथच्या कडेवरून, जवळच्या टेकडीच्या उतारावर अर्धा तास फिरवा. फुटपाथची कड साधारण १५ सेंटीमीटर असते, ओंडक्यासारखीच. आस वाकला, सांधा सैल झाला, दांड्याने तळहात सोलला तर अजून परत करायची वेळ आहे. आमच्या पहिल्या गाडीचा एक वेल्ड याच परीक्षेत सुटला. रानात सुटला असता तर त्या रात्री पुन्हा दोरी हातात आली असती.

परीक्षेचा खरा फायदा आणखी एक आहे. आपली ताकद किती, हे त्या अर्ध्या तासात कळतं. चढावर बोलता येत नाही इतका दम लागला तर हंगामाआधी डॉक्टरांना भेटा, आणि हंगामात एकट्याने ओढायचं नाही हे आजच ठरवा.

पायरी ७: लादणं आणि बांधणं

गाडी मागे जड होऊन दांडी वर उचलली गेली की अण्णा म्हणायचे, 'उलाळ झाली.' धुरेला जड झाली तर बैलाच्या मानेवर ओझं. दोन्ही वाईट. हातगाडीत तो बैल आपण असतो, म्हणून हा तोल स्वतःच्या मनगटांनी शिकायचा.

हरणाची छाती आसाच्या किंचित पुढे, दांड्याच्या बाजूला यावी. डोकं पुढे. दांडा उचलून बघा, हातात हलकं वजन जाणवलं पाहिजे. किती हलकं? धड ६४ किलोचं, त्याचा मध्य आसाच्या १० सेंटीमीटर पुढे आणि दांडा आसापासून दीड मीटरवर असेल तर हातावर येतात जेमतेम सव्वाचार किलो. तोच मध्य ३० सेंटीमीटर पुढे गेला की जवळजवळ १३ किलो, आणि किलोमीटरभर ते धरणं म्हणजे खांदे निखळणं. उलट मध्य आसाच्या मागे गेला की दांडा वर उसळतो आणि दर पावलाला तो दाबून धरावा लागतो. चढावर ओझं आपोआप मागे झुकतं, तेव्हा सपाटीवर अगदी काट्यावर तोललेली गाडी चढावर उलाळ होते. पुढे मोठा चढ असेल तर धड हातभर नाही, चार बोटं पुढे सरकवा. तेवढं पुरतं.

बांधायला रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे घ्या, किमान तीन. छातीवर, कमरेवर आणि डोक्याला. रबरी बंजी दोऱ्या अजिबात नकोत. त्या ताणल्या जातात, ओझं डुलतं, आणि आकडा सुटला तर सरळ डोळ्यावर येतो. पाच पावलं चालून पट्टे पुन्हा आवळा, कारण धड बसतं. शिंगं पट्ट्याने आत ओढून बांधा म्हणजे झुडपांत अडकणार नाहीत.

मग सगळ्यात महत्त्वाचं. धडावर आणि गाडीवर भडक केशरी कापड बांधा. झुडपांमधून हलणारी शिंगं आणि करडी कातडी दिसली की दुसऱ्या शिकाऱ्याला ते जिवंत हरीण वाटू शकतं, आणि ते ओढणारे तुम्ही असता. अंगावरचं केशरी जाकीट गरम होतं म्हणून काढून गाडीवर टाकू नका. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक केशरी किंवा भडक गुलाबी असावाच लागतो. रायफल रिकामी केल्याशिवाय गाडीवर ठेवायची नाही. चेंबर उघडून बघा, जोडीदाराला दाखवा, मगच बांधा.

पायरी ८: ओढणं

ओंडका आला की गाडी त्याच्यावर काटकोनात नेऊ नका, तिरकी न्या. आधी एक चाक चढतं, मग दुसरं, म्हणजे एका वेळी निम्मंच वजन चढवावं लागतं. जोडीदार असेल तर त्याने मागून ढकलण्यापेक्षा चढणारं चाक वर उचलावं.

उतारावर गाडी मागे ठेवून पुढे चालू नका. ओली पानं, पाय घसरला, आणि शंभर किलो पाठीवर. तोंड चढाकडे करा, गाडी खाली, तुम्ही वर, आणि चढाच्या बाजूला झुकून एकेक पाऊल तिला उतरवा. उभा उतार असेल तर गाडीला दोरी बांधून झाडाला एक वेढा द्या आणि जोडीदाराला हळूहळू सैल सोडायला सांगा. आडव्या उतारावर जोडीदार वरच्या बाजूला चालतो आणि कठडा स्वतःकडे दाबून धरतो. खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

दर दहा मिनिटांनी थांबा, घाम यायच्या आत जाकिटाची चेन उघडा, पाणी प्या. कपाळावरचा दिवा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या हव्यातच. घाई करायची नाही. पोट साफ केलेलं धड थंड हवेत बिघडत नाही. उलट, तापमान ५ अंशांच्या वर असेल तर मात्र रेंगाळू नका, छाती काठीने फाकवून ठेवा म्हणजे आतली ऊब जाईल.

गाडी नको असेल तेव्हा

बर्फ घोट्याच्या वर असेल तर चाकं रुततात, तिथे प्लास्टिकची घसरगाडी हजारपट सोपी. ती दलदलीतल्या गवतावरही सरकते आणि स्वस्त असते. शे-दोनशे मीटरचाच पल्ला असेल तर दोरीही चालेल, पण डोकं पुढे ठेवून ओढा म्हणजे केसांच्या कलाने घसरतं. मी पहिल्या वर्षी तेवढं तरी बरोबर केलं होतं. खोल घळीतून तर मांस सुटं करून पाठीवर आणणं शहाणपणाचं. त्याआधी दोन नियम बघा. एक, त्या राज्यात रानात तुकडे करायला परवानगी आहे का. दुसरा, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांच्या मेंदूला होणारा तो रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्यामुळे डोकं आणि पाठीचा कणा असलेलं धड कुठून कुठे न्यायचं यावर बंधनं आहेत. तपासणीसाठी मानेच्या वरच्या भागातल्या लसिका ग्रंथी लागतात, तेव्हा डोकं रानात टाकून येऊ नका. निकाल येईपर्यंत मी मांस शिजवत नाही, फ्रीझरमध्ये ठेवते. रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

हरीण मिळाल्याची नोंद विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते, ऑनलाइन किंवा फोनवर. दमून झोपलात तरी ही वेळ चुकवू नका.

घरी आल्यावर

गाडी त्याच रात्री धुवा. रक्त गोठून सांध्यांत बसलं की गंज तिथूनच सुरू होतो. मी गरम साबणपाण्याने घासते, जाळीच्या खाली उलटी करून बघते, चाकं आसावरून काढून तुंब्यातली माती पुसते आणि ग्रीस लावते. पट्टे वेगळे धुवून सावलीत वाळवायचे. ओले गुंडाळले तर रॅचेट अडकतो. हवेचे टायर असतील तर गाडी भिंतीला टांगून ठेवा म्हणजे वर्षभर एकाच जागी दबून राहत नाहीत. आणि त्या दोन जादा पिना केशरी जाकिटाच्या खिशातच राहू द्या. जाकीट धुवायला टाकताना तेवढ्या काढायच्या, आणि वाळल्यावर पुन्हा घालायच्या.